उडत्या सुभेदाराची शेवटची चार पानं

मी जळकोटचा आबाराव. माझं बोलणं रुपयाला चार आणे खरं धरावं, असा गावाचा समज आहे आणि माझी त्याला हरकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ऊन एवढं होतं की कावळे जमिनीवर उतरण्याआधी वहाणा मागायचे, असं मी सांगे. लोक विचारत, "आबाराव, कोल्हापुरी मागायचे का साध्या?" मी म्हणे, "साध्याच. दुष्काळात कावळ्याची ऐपत ती काय!" मग हशा पिके. त्या हशावर मी जगत होतो. पुढं जे लिहिलंय त्यात कावळा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या साली आमच्या दूध सोसायटीत दूध नव्हतं. गुरं छावणीवर गेलेली, कॅन पालथे पडलेले. सेक्रेटरी आण्णासाहेब तरीही रोज कुलूप काढून त्या रिकाम्या खोलीत बसत. त्याच खोलीत आमची दुसरी सोसायटी निघाली, चित्रांच्या पुस्तकांची. त्याला कॉमिक म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. सोलापूरच्या एसटीवर आमचा हरिबा कंडक्टर होता. तो तिकडच्या रद्दीतून अशी पुस्तकं उचलून आणी. एकानं घेतलं, दुसऱ्यानं मागितलं, तिसऱ्यानं आपलं देऊन त्याचं घेतलं. असं करत तेरा माणसं झाली. चांगली मिशीवाली माणसं. बायकोनं पाहू नये म्हणून पुस्तक धोतराच्या घडीत लपवून आणायची आणि पालथ्या कॅनवर बसून वाचायची.

तेरा माणसं जमली आणि सोसायटी नाही, असं त्या काळात होणं शक्य नव्हतं. आण्णासाहेबांनी वही घातली. प्रत्येकाचा शेअर म्हणजे निदान एक पुस्तक. दर रविवारी दुपारी सभा, पुस्तकाला पुस्तक देऊन अदलाबदल. पोटनियम त्यांनी दूध सोसायटीचेच उतरवून काढले. 'दुधात पाणी आढळल्यास' होतं तिथं 'पुस्तकातलं पान गेल्यास' केलं. बाकी नियम तोच ठेवला: ज्याच्या हातून कॅन आला तो दोषी. फक्त एक सवलत वाढवली. दोषीनं गेलेलं पान सभेत तोंडानं सांगावं, म्हणजे माफी. सांगता आलं नाही तर नाव कमी आणि शेअर जप्त.

चौदाव्या सभासद तारामती. बुद्धवाड्यातली, सातवी पास, विशीच्या आतबाहेरची. खडी फोडायच्या कामावर होती. मीही तिथंच होतो. तिनं आपली पाच पुस्तकं आणली होती, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या पिशवीचा कागद कापून त्यांना कव्हरं घातलेली. एकाही पुस्तकाचा कान दुमडलेला नव्हता. पुस्तकं बघून आण्णासाहेबांनी नाव लिहून घेतलं. काहींनी नाकं मुरडली, पण पाच पुस्तकं म्हणजे पाच पुस्तकं.

खडीच्या कामावर दुपारी सुकडी वाटली की माणसं माझ्याभोवती बसत. मी आदल्या रविवारी वाचलेलं रंगवून सांगे. सगळ्यांचा लाडका होता उडता सुभेदार. झग्याचे पंख करून उडणारा, दुष्टांना वरून लोळवणारा. एका सुभेदाराचे मी आठ दिवस करायचो.

मग एक दिवस तारामतीनं पुस्तकच आणलं. बाभळीखाली बायांना वाचून दाखवू लागली. चित्र समोर धरायची, बोट ठेवायची. दोन दिवसांत गडीमाणसंही तिकडं सरकली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक म्हातारा उरला, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

गुलाब शिंपी जाताजाता म्हणाला, "आबाराव, तुमच्या सुभेदाराला बारा हात व्हते. तिच्या पुस्तकात दोनच हाईत की!"

लोक हसले. मीही हसलो. आतून मात्र खडी फुटत होती.

त्या आठवड्यात हरिबानं सुभेदाराचं नवं पुस्तक आणलं. पाळी आधी माझी, मग तारामतीची. त्यात सुभेदाराचे पंख फाटतात आणि तो कोरड्या विहिरीत पडतो. वर दुष्ट हसतायत. पुढं काय? पुढची चार पानं मी वाचली. मग दाढीचं पातं घेतलं आणि शिलाईला लागून ती चारही पानं कापून काढली. एवढंच मनात होतं की ती विहिरीपर्यंत वाचेल आणि थांबेल, आणि शेवट ऐकायला लोक माझ्याकडं येतील. तिच्यावर काही यावं असं नव्हतं. पण दुधाचा नियम मला पाठ होता, हेही तितकंच खरं.

रविवारी ती सभेत उभी राहिली. "आण्णासाहेब, ह्यातली शेवटची चार पानं न्हाईत. माझ्याकडं आलं तवाच नव्हती."

"आबाराव," आण्णासाहेब म्हणाले, "तुमच्याकडं होती का?"

मी उत्तर द्यायच्या आतच हरिबा ओरडला, "ते जाऊ द्या हो! सुभेदार विहिरीतनं निघतो का न्हाई, ते सांगा आधी!" सगळे म्हणाले, सांगा, सांगा. तेरा तोंडं माझ्याकडं वळली. कितीतरी दिवसांनी वळली होती.

मी सांगितलं. अर्धा तास सांगितलं. सुभेदार विहिरीच्या तळाला लाथ मारतो, पाणी उसळतं, तो पाण्यावर स्वार होऊन वर येतो, आणि दुष्ट त्याच पाण्यात वाहून थेट निजामाच्या मुलखापल्याड जातात. कॅन वाजवून लोकांनी दाद दिली. गुलाब म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!"

आवाज निवाला तसे आण्णासाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे तुम्ही शेवट वाचला. म्हणजे पानं होती."

तारामतीनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, तुमी सांगा."

मी म्हणालो, "मी वाचलं तेव्हा होती."

आयुष्यभर मी थापा मारल्या. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम मी एका खऱ्या वाक्यानं केलं.

नियमाप्रमाणं तिला पानं सांगायला सांगितली. आत्ता ऐकलेलं चालणार नाही, असं आण्णासाहेब म्हणाले; मग न वाचलेली पानं ती कुठून सांगणार? मागून कुणीतरी बोललं, "तिकडं पुस्तक द्यायलाच नको होतं." तिकडं म्हणजे कुठं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी कॅनच्या झाकणाची कडी वरखाली करत बसलो.

तारामतीनं पाचही पुस्तकं आण्णासाहेबांच्या पुढ्यात ठेवली. "शेअर ठिवा. पण नावापुढं पानं फाडली असं लिव्हू नका. मी न्हाई फाडली."

आण्णासाहेब नियमाचे माणूस. त्यांनी लाल शाईनं लिहिलं: 'पानं फाडल्यामुळं कमी.' ती वाचेपर्यंत थांबली, मग गेली. दुसऱ्या दिवसापासून बाभळीखाली वाचन बंद झालं. लोक माझ्याकडं परत आले. मी सांगत राहिलो, पण कुणी हसलं की मला त्या कडीचा आवाज ऐकू येई.

पाऊस झाला, दूध आलं, हरिबाची बदली झाली आणि आमची सोसायटी मोडली. ती चार पानं मी तंबाखूच्या डब्यात ठेवली. जाळावीशी कितीदा वाटली, पण जाळली नाहीत. कधीतरी देईन, असं स्वतःला सांगत बारा वर्षं काढली. स्वतःला मारलेली थाप सगळ्यात जास्त टिकते.

पंच्याऐंशी साली कळलं की तारामतीबाई माकणीला शाळेत मास्तरीण आहेत. गेलो. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पत्र्याची पेटी उघडी होती आणि पोरं चित्रांची पुस्तकं बदलून नेत होती. प्रत्येक पुस्तक जाड दोऱ्यानं पुन्हा शिवलेलं. मी डबा पुढं केला.

"पानं मी कापली होती, बाई."

त्यांनी पानं उलगडली आणि उभ्याउभ्याच वाचली. मग म्हणाल्या, "कापणारे तुमी, हे मला तवाच ठाऊक होतं. मी बायांना वाचून दाखवायचे, तवा तुमचं तोंड बघितलं व्हतं मी."

"मग सभेत बोलला का नाही?"

"माझं कोण ऐकत व्हतं?" त्यांनी तिसरं पान माझ्यापुढं धरलं. "ही बाई तुमच्या गोष्टीत न्हवती."

तिसऱ्या पानावर एक धुणं धुणारी बाई आहे. ती लुगडी गाठी मारून विहिरीत सोडते आणि सुभेदाराला वर ओढून काढते. पाणी उसळत नाही. सुभेदार तिच्या पाया पडतो. सांगताना मी ती बाई गाळली होती. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

"मला सांगून काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "सभेत सांगा. तुमचाच नियम हाय."

मी गेलो. दूध सोसायटीत आता कॅन भरलेले होते. आण्णासाहेब होते, गुलाब होता, हरिबाला निरोप धाडून बोलावलं. पाणी न घालता सगळं सांगितलं. पातं, पानं, बाभूळ, सगळं.

गुलाब मांडीवर थाप मारून हसला. "काय रंगवता हो आबाराव! आता चोर बी तुमीच झाला!"

"अरे, खरंच रे."

"कावळ्यांच्या वहाणा बी खऱ्याच व्हत्या!"

हरिबा डोळे पुसत हसत होता. मी पानं दाखवली. आण्णासाहेब म्हणाले, "जुनी पुस्तकं काय, सोलापुरात ढिगानं मिळतात." मी वही मागितली. ती केव्हाच वाळवीनं खाल्ली होती. नावही गेलं, लाल शाईही गेली. गावाच्या डोक्यात मात्र ते वाक्य तसंच होतं, कारण उठताना गुलाब म्हणाला, "पण ती तारामती वाचायची मातुर झकास. उगं पानं फाडली पोरीनं."

मी पुन्हा माकणीला गेलो आणि झालं ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग लिव्हून काढा. तोंडानं तुमी लई बोलता."

तेही लगेच केलं नाही. आज करीन, उद्या करीन म्हणत म्हातारा झालो. आण्णासाहेब गेले, हरिबा गेला. गुलाबाला आता दिसत नाही, त्याला नातू वाचून दाखवील.

म्हणून लिहितो. जळकोटच्या चित्रपुस्तक सोसायटीच्या चौदाव्या सभासद तारामतीबाई. शेअर पाच पुस्तकं, एकाचाही कान दुमडलेला नाही. पानं मी फाडली.