शनिवारची लातूर गाडी

हदगावच्या शाळेत आठ मार्चचं भाषण दरवर्षी तनुजाबाईंकडेच असायचं. त्याचा क्रम ठरलेला होता. आधी कायद्याची कलमं, मग आकडे, शेवटी नवऱ्याचा मार सोसून घराबाहेर पडलेल्या एका बाईची हकीकत. कलमं चालू असताना बाया पदराशी चाळा करत, आकड्यांना जांभया देत. हकीकत आली की माना वर व्हायच्या. 'कुणी मार खात असेल तर आजच उठा. ती बाई आज सुखात आहे.' इथं टाळ्या पडत. यंदाही पडल्या.

ती बाई म्हणजे त्या स्वतःच, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी लातूरचं घर सोडलं. एकट्या बाईला खोली मिळेना, म्हणून घरमालक अमृतरावांना सांगितलं, 'साहेब लातूरला नोकरीला आहेत.' मग ते निभावणं आलं. दर शनिवारी बॅग घेऊन त्या लातूरच्या गाडीत बसत, मधेच नांदेडला उतरून धर्मशाळेत रात्र काढत आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत येत.

कार्यक्रम संपल्यावर शाळेत खिचडी शिजवणारी सिंधु चहाचे पेले गोळा करत राहिली. सगळे पांगल्यावर जवळ आली.

"बाई, ती बाई खरंच सुखात हाय का?"

"आहे की."

"दिवाळीमागं एका रविवारी मी नांदेडच्या स्टँडवर व्हते. घर सोडून निघाले व्हते. तुमी सकाळपासनं बाकड्यावर, मांडीवर बॅग. लातूरच्या दोन गाड्या गेल्या, तुमी उठल्या न्हाईत. सांजच्याला हदगावची लागली तवा चढलात. म्हटलं, एवढ्या पगारदार बाईला जायला जागा न्हाई, मला कोन ठिवून घेतंय? मी बी त्याच गाडीनं वापस आले."

तनुजाबाईंनी भाषणाचे कागद पर्समध्ये कोंबले.

"ती बाई मीच."

"त्ये कळलं मला."

"सुखात नाही गं. रविवार जाता जात नाही. पण दाराची कडी वाजली म्हणून आता छातीत धडधडत नाही."

"मंग हे माइकवर का सांगत न्हाई?"

"हे सांगितलं तर कोण उठेल?"

"मी उठले व्हते, बाई. तुमाला बघून बसले."

पेले बादलीत पडत राहिले. तनुजाबाई म्हणाल्या, "या शनिवारी मी घरीच आहे. ये."

शनिवारी अमृतरावांनी ओसरीवरून विचारलं, "आज लातूर न्हाई का, बाई?"

"लातूरला माझं कुणी नाही."

अमृतरावांनी पेपरची घडी घातली. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

तनुजाबाईंनी दोघींचा भात टाकला, दार उघडं ठेवलं. रविवारी अंधार पडल्यावर लावून घेतलं. उरलेला भात फोडणी देऊन एकटीनं संपवला.

सोमवारी सिंधु पोरांना खिचडी वाढत होती. मार्चच्या उन्हातही बाही मनगटापर्यंत ओढलेली. तनुजाबाई शेजारून जाताना तिनं मान वर केली नाही.

"ह्या शनिवारी असताल का?"

"असेन."

"दार कोन्या बाजूला हाय?"

"मागच्या गल्लीत. निळं."

सिंधुनं पुढच्या ताटात पळी रिकामी केली.