एडिथबाईंची वहिवाट

थंडीच्या तोंडावर अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातलं गवत पहाटेच्या हिमाने कडक होतं आणि त्यावरून कुणी चाललं की भाजलेला पापड हातात चुरावा तसा बारीक आवाज येतो. या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात मला जाग यायची ती त्या आवाजाने. त्याच्या मागोमाग पत्र्याच्या झारीची कडी किणकिणायची, जरा थांबायची, पुन्हा किणकिणायची. पडदा बाजूला करून पाहावं तर उजेड अजून राखाडी असायचा, मेपलच्या उघड्या फांद्या त्यात नुकत्या कुठे उमटू लागलेल्या असायच्या, आणि आमच्या अंगणातून तिरकी, एकाच ठरलेल्या रेषेने, एक उंच वाकलेली आकृती दगडी गडग्याकडे चाललेली असायची. झारीत पाणी नसायचं. पाणी गोठण्याचेच दिवस ते. पण उन्हाळ्यात रोज सोबत येणारी झारी हिवाळ्यात घरी एकटी कशी ठेवायची, असा काहीसा त्यांचा विचार असावा.

त्या एडिथबाई. आमच्या डाव्या हाताचं जुनं पांढरं घर त्यांचं. मिसेस अमुकतमुक म्हणायला माझं तोंड वळेना आणि काकू म्हणावं इतकी जवळीक नव्हती, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना एडिथबाई करून टाकलं. त्या मला ‘नेबर’ म्हणत, आणि त्यापलीकडे फारसं काही म्हणत नसत. मात्र त्यांचा उजवा हात कधी गप्प बसायचा नाही. जिथून जातील तिथल्या वस्तूला तो हात लागायचाच: मेपलच्या खोडाला, गडग्याच्या वरच्या दगडाला, आमच्या सईच्या झोपाळ्याच्या दोरीलासुद्धा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांची निळी नजर दुधाळ झाली होती आणि समोरच्या माणसावर न थांबता कुठेतरी लांब जाऊन टेकायची. वाट त्यांना दिसत नव्हती, पाठ होती.

गडग्यापलीकडे झाडीत त्यांच्या सासरच्या घराण्याची लहानशी दफनभूमी आहे. पुसट अक्षरांच्या, एकमेकींकडे कललेल्या काळ्या शिळा, आणि त्यांत एकच ग्रॅनाइटचा सरळ दगड. तो वॉल्टरचा, त्यांच्या नवऱ्याचा. ऊन गडग्यावर उतरेपर्यंत त्या तिथे आमच्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि मग आल्या वाटेने परतत. एकेकाळी हे सगळंच त्या घराण्याचं शेत होतं. वॉल्टर गेल्यावर ते तुकड्यातुकड्यांनी विकलं गेलं, त्यावर घरं उठली, आणि पुण्या-नागपूरहून आलेल्या आमच्यासारख्यांनी ती घेतली. आमच्या वाट्याला आलेला तुकडा नेमका त्यांचं घर आणि ती दफनभूमी यांच्या मधला. दुसऱ्या बाजूने जायचं तर दलदल होती.

माझा नवरा प्रशांत मूळचा नागपूरचा, संगणकाच्या कामातला, आणि कागदाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय सही न करणारा. घर घेऊन वर्ष व्हायच्या आतच त्याने विषय काढला.

“वकिलाने क्लिअर सांगितलंय. कोणी वर्षानुवर्षं आपल्या यार्डमधून जात राहिलं आणि आपण गप्प बसलो, की त्याचा राइट तयार होतो. मग रीसेलच्या वेळी प्रॉब्लेम. पर्सनल काही नाही यार, पण फेन्स टाकावी लागेल.”

कुंपण मलाही हवंच होतं. सई तीन वर्षांची, दार उघडं दिसलं की रस्त्याकडे धूम ठोकणारी. ऑक्टोबरात, झाडं अंगावरचा लाल-पिवळा रंग झाडून टाकत असताना, आमच्या अंगणाला चहूबाजूंनी उंच फळ्यांचं कुंपण लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पापड चुरल्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी गेले. एडिथबाई कुंपणाच्या त्या अंगाला उभ्या होत्या. झारी खाली ठेवून त्यांनी तळहात फळीवर टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, फळी न् फळी चाचपत त्या चालत गेल्या. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशा त्या आपली वाट शोधत होत्या. ती सापडली नाही. मग त्या झारी उचलून माघारी वळल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्या पहिल्यांदा आमच्या पुढच्या दाराशी आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

“मला भांडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “रस्ता झाला त्याच्या आधीपासून ही वाट वॉल्टरच्या घराण्याकडे आहे. कोर्टात तसं लिहिलेलं आहे. मी ते शोधून आणीन.”

आणि जाताना सवयीने आमच्या दाराच्या चौकटीला हात लावून गेल्या.

त्यानंतर दोन्ही घरांच्या मधल्या हवेत ताण भरून राहिला. खिडक्या एकमेकींसमोर होत्या, पण दोन्हीकडचे पडदे ओढलेले. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी गारांचा पाऊस लागला होता, आणि मी गाडी बाहेर काढते तो कोपऱ्यावर एडिथबाई उभ्या, डोक्याला रुमाल बांधलेला, ओव्हरकोटाच्या खांद्यांवर पांढरा चुरा साचलेला. डोळ्यांपायी त्यांचं लायसन्स गेलं होतं, आणि वृद्धांना ने-आण करणारी गाडी त्या दिवशी येणार नव्हती. मी काच खाली केली.

“कुठे निघालात?”

“वूस्टरला. कोर्टात.”

“कशासाठी?”

“तुमच्याविरुद्ध.”

“बसा,” मी म्हटलं.

हे ऐकून प्रशांतने संध्याकाळी कपाळावर हात मारला. “तू आपल्याच अगेन्स्ट पुरावा शोधायला तिला राइड दिलीस?” मी म्हटलं, ती भिजत होती. त्याला हे उत्तर पटलं नाही, पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं. कोरेगावला माझ्या वडिलांची आणि चुलत्यांची बांधावरून कित्येक वर्षं केस चालली. तारखेला दोघं एकाच एसटीने जात. ज्याचा हात आधी खिशात जाईल तो दोघांचं तिकीट काढी. दुपारी कोर्टाच्या आवारात एकाच फडक्यातली भाकरी खात, आणि आत त्यांचे वकील एकमेकांची सालटी काढत. भांडण कोर्टात करायचं, एसटीत नाही, एवढी रीत मला ठाऊक होती. तीच मी पाळत होते.

तो हिवाळा असा गेला. मी अर्धवेळ नोकरी करत होते आणि गुरुवार मोकळा असे, तेव्हा दर गुरुवारी आम्ही दोघी वूस्टरला जायचो. कोर्टाच्या दफ्तरखान्यात उकळत्या रेडिएटरची ऊब असे, जुन्या कागदांचा किंचित आंबूस वास असे, आणि काचेवर जुन्या दस्तांची फिल्म सरकवून वाचायचं एक घरघरणारं यंत्र. एडिथबाईंनी भिंग आणलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांना ते अक्षर लागेना. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंग मिटवून पिशवीत ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या दिवसापासून वाचणारी मी झाले.

वॉल्टरचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप, असे आम्ही एकेक पायरी उतरत मागे गेलो. कुणी मेला की गावातली चार माणसं घरात येत आणि त्याचं सगळं लिहून काढत: एक तांबडी गाय, कथलाची ताटं, चर्चमधल्या बाकाचा अर्धा भाग. विधवेला तिसरा हिस्सा मिळे, आणि तोसुद्धा खोल्या वाटून, जिने वाटून, ओव्हनमध्ये भाकरी भाजायची मुभा वेगळी लिहून. मी वाचत असताना एडिथबाई डोळे मिटून घेत आणि त्यांचं बोट टेबलावर फिरे. पूर्वेची खोली म्हटलं की बोट उजवीकडे जाई. ती त्यांची आजची झोपायची खोली होती. आमच्या कोरेगावच्या वाटणीपत्रातही विहिरीच्या पाण्याची पाळी अशीच लिहिली होती, त्यामुळे मला ते वाचताना परकं काहीच वाटेना. दुपारी मी डब्यातलं थालीपीठ पुढे करी, त्या सफरचंदाच्या फोडी. पण गोडी लागली तरी धास्ती जात नव्हती. दर गुरुवारी घरून निघताना वाटे, आज मी स्वतःच्या तोंडाने आपलं अंगण यांच्या हवाली करून येणार.

बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला काळं झालं होतं त्या दिवसांत ती जागा सापडली. जोनस नावाचा पूर्वज वारला होता आणि त्याची विधवा मर्सी हिला हिस्सा तोडून दिला जात होता. पूर्वेची खोली, अर्धं तळघर, आणि मग माझे डोळे आवाजाच्या पुढे धावले: घरातून विहिरीकडे, आणि तिथून गडग्याच्या कडेने दफनाच्या जागेकडे, जाण्या-येण्याची मोकळीक. ते आमचं अंगण होतं. सईचा झोपाळा तिथेच होता. त्याच्याच पुढच्या ओळीत लिहिलं होतं, ही मोकळीक सदर विधवेच्या हयातीपर्यंत.

मी थांबले. आधीच्या ओळीआधी थांबले असते तर प्रशांत जिंकला असता. नंतरची ओळ गिळली असती तर एडिथबाई जिंकल्या असत्या, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं. यंत्राची घरघर ऐकू येत होती. त्यांचं बोट टेबलावर, जिथे विहीर असायला हवी तिथे, थबकलं होतं. मी दोन्ही ओळी वाचल्या.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“म्हणजे मर्सी गेली, की वाट गेली.”

“हो. मग जमीन तिच्या मुलाची. तो बंद करू शकत होता.”

त्यांनी चष्मा काढला, ओव्हरकोटाच्या अस्तराला पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरून ठेवला.

“पण त्याने केली नाही,” त्या म्हणाल्या. “त्याच्या मुलाने केली नाही. कुणीच केली नाही. तुमच्यापर्यंत.”

त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या की वकील करून लढायला त्यांच्याकडे वर्षं उरलेली नाहीत. घर आलं, त्या उतरल्या, आणि गाडीच्या दाराला हात न लावता तशाच निघून गेल्या.

“मग झालं तर,” प्रशांत म्हणाला. “केस क्लोज्ड.”

माझं डोकं फिरलं. एवढ्या पिढ्यांत ज्याला जे सुचलं नाही ते आपल्याला पहिल्याच वर्षी सुचलं, असं काहीबाही मी त्याला बोलले. टेबलाखालून सई म्हणाली, “बट बाबा, शी हॅज टु गो सी हिम.” मग मी जरा शांतपणे म्हटलं, “मर्सीला दिली तशी हिला दे. तहहयात. लिहून दे. परवानगी म्हणून दिलीस तर राइट कसला होतोय?” त्याने वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, हे तर जास्त चांगलं.

फाटकं प्रशांतने स्वतः बनवली, एक त्यांच्या घराकडे, एक झाडीकडे. आधी घुश्श्यात होता. पण लाकूड तासता तासता तो त्यात रमला, आणि संध्याकाळी पाहते तर एडिथबाई वाकून चालतात म्हणून त्याने कडी खाली बसवली होती, आणि तीही त्यांच्या बाजूने. त्यांनी कागदावर सही केली. आभार वगैरे मानले नाहीत. फाटकाच्या वरच्या फळीवर तळहात ठेवून काही वेळ उभ्या राहिल्या, त्यावरून मी काय ते समजले.

पहाटेचे आवाज परत आले, आणि आता त्यांच्यात कडीचा खटका मिळाला. तहहयात हा शब्द लिहिताना सोपा वाटला होता, तो पुढे दर हिवाळ्यात जड होत गेला. थंडी वाढली, खटका यायला उशीर झाला, की मी अंथरुणात ताठ होऊन ऐकत पडायची. शेजारी प्रशांतही जागा आहे हे मला त्याच्या श्वासावरून कळे. मुदत आम्हीच लिहिली होती, आणि ती संपू नये म्हणून आम्हीच कान देऊन होतो. मग गवत चुरायचं, झारी किणकिणायची, कडी वाजायची, आणि तो कूस बदलून झोपी जायचा.

मागच्या वसंतात, त्यांच्या दाराशी लायलॅक फुलायला लागला तेव्हा, एका पहाटे खटका आला नाही.

न्यू हॅम्पशायरहून त्यांचा पुतण्या आला. वॉल्टरशेजारी जागा राखलेली होती. आदल्या संध्याकाळी प्रशांत टेप घेऊन फाटकाशी गेला, आत आला, आणि म्हणाला, “पेटी यातून जाणार नाही.” मग कुणी न सांगता त्याने दोन्ही बाजूंच्या कुंपणाचे स्क्रू काढले आणि फळ्यांचे अख्खे पडदे उतरवून गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवले.

कागदाप्रमाणे एडिथबाईंची परवानगी त्यांच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपली होती. त्या सकाळी आमच्या अंगणातून, त्याच तिरक्या रेषेने, त्या गेल्या त्या कुठल्याही हक्काशिवाय. आणि बारीक अक्षरं वाचणारा माझा नवरा टोपी हातात धरून झोपाळ्याजवळ उभा होता, पेटीला लागू नये म्हणून त्याची दोरी त्याने एका हाताने बाजूला ओढून धरली होती.

त्या फळ्या अजून गॅरेजलाच टेकून आहेत. लावायला हव्यात, असं अधूनमधून आमच्यापैकी कुणीतरी म्हणतं. आता पुन्हा गवत कडक होऊ लागलं आहे आणि राखाडी उजेडात ठरल्या वेळी मला जाग येते, गवतावर कुणीही चाललेलं नसतं. त्यांच्या वाटेला मुदत होती, ती संपली. माझ्या ऐकण्याला मात्र कुणी मुदत घालून दिलेली नाही.