मोकळ्या बोलण्याचा सत्कार

बापूसाहेबांचं यवतजवळचं गुऱ्हाळ वाढत वाढत कंपनी झालं आणि तिथलं बोलणं आटलं. आधी चार माणसं, एक चुलाण, आणि दुपारी सगळ्यांचे डबे एकाच पोत्यावर. काय सांगायचं ते भाकरी मोडता मोडता सांगून व्हायचं. आता गूळपावडर परराज्यात जाते, आणि शेजारच्या माणसाला काही सांगायचं तरी ग्रुपवर टाका म्हणे.

शाकीर त्या पहिल्या चारांतला. माल भरून गाड्या लावणं त्याच्याकडे. घर शिरूरला, तिथं बायको मेहरुन आणि अंथरुणाला खिळलेली आई. हा आठवडाभर यवतच्या खोलीत, आणि रविवारी चौफुल्यावरून मिळेल त्या गाडीनं घरी. आता कंपनी शिरूरला दुसरा प्लांट काढत होती. बापूसाहेब स्वतः म्हणाले होते, "शिरूर तूच बघायचं, शाकीर. तुझ्याबिगर हाय कोण?" तेव्हापासून आई येईल त्या बाईला सांगत होती, माझा पोरगा आता घरीच राहणार.

मग बापूसाहेबांनी पुण्याहून वैष्णवी मॅडम आणल्या, टीममधलं बोलणं सुधारायला. दर महिन्याला सगळ्यांना गोल बसवायच्या. "इथं कुणी मालक नाही, कुणी कामगार नाही. मनात असेल ते बोला. त्याशिवाय ग्राहकाला व्हॅल्यू कशी मिळणार?" मालक समोर खुर्चीत बसलेला, आणि म्हणे इथं मालक नाही! सगळे मूग गिळून बसायचे.

बोलण्यासारखं होतं की. बापूसाहेबांचा पुतण्या गोकुळ फोनवर गिऱ्हाइकाला वाटेल ती तारीख द्यायचा, प्लांटात कुणाला विचारायचा नाही. मग पावडर गरम असतानाच पिशव्यांत कोंबायची, आणि पोचेपर्यंत तिचा दगड. माल परत, आणि शिव्या शाकीरला. आपल्याकडं मोठ्या माणसाच्या घरचं उणं चारचौघांत काढत नाहीत, बाजूला घेऊन सांगतात. शाकीरनं तसंही सांगून पाहिलं. बापूसाहेब "बघतो" म्हणाले आणि बघितलं काहीच नाही.

शेवटी चुलाणावरचा माऊली म्हणाला, "शाकीरभाई, तुमचं वजन हाय. तुम्ही मिटिंगीत उठा, तुमच्यामागं आमी समदे उठतो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चढवलं गड्याला हरभऱ्याच्या झाडावर.

शाकीर उठला. गोकुळचं नाव घेऊन सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकाला आपण दगड धाडतोय. ह्याला व्हॅल्यू म्हंत्यात का?"

मागं कुणीच उठलं नाही. त्यानं माऊलीकडं पाहिलं, तर माऊली नखातली मळी काढत होता. मॅडमनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या. बापूसाहेब हसले, "बरं केलंस बोललास," म्हणाले. तोंड हसत होतं, पण डोळे शाकीरवरून हलत नव्हते.

पुढच्या बैठकीत त्याचं नाव पुकारलं. मोकळ्या बोलण्याबद्दल सत्कार! बापूसाहेबांनी स्वतः त्याच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि खांद्यावर हात ठेवूनच जाहीर केलं, "शिरूरला माऊली जाईल, गोकुळच्या हाताखाली. शाकीरला मी सोडत न्हाई. खरं बोलणारं माणूस मालकाच्या जवळ पायजे."

टाळ्यांचा पाऊस पडला. सगळ्यात जोरात माऊली वाजवत होता, मेला. शाकीरला तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला.

"शाकीरभाई, दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या.

"समदं झ्याक चाललंय," शाकीर म्हणाला आणि बसला.

मग मॅडमनी सगळ्यांना विचारलं, कुणाची काही अडचण? कुणाचीच नव्हती. गेल्या वेळेला एक तक्रार होती, आज एकही नाही, टीम किती सुधारली बघा, असं त्या बापूसाहेबांना कौतुकानं सांगत होत्या.

संध्याकाळी मेहरुनचा फोन आला. शाकीरनं शालीचं सांगितलं, मग माऊलीचं.

"अम्मी इचारतायत," ती म्हणाली. "तुम्ही कवा येणार म्हणून. काय सांगू?"

"सांग, मालकाला तुमच्या पोराबिगर करमत न्हाई," शाकीर म्हणाला.