शरयूकाकूंनी लावलेला लाल दिवा

मित्रांनो, तुमच्यापैकी फारच थोड्यांनी मला पाहिलं असेल. खेळण्यातल्या रेल्वेला वीज देणारा मी जुना ट्रान्सफॉर्मर. काळ्या पत्र्याचा डबा, पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि चालू असलो की पेटणारा लाल दिवा. भिंतीतली जोरकस वीज मी खेळण्याला झेपेल एवढी सौम्य करतो.

पहिल्या घरातली मुलं मोठी झाली आणि मी धूळ खात पडलो. मग अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात, कुणीतरी घरातल्या जुन्या वस्तू विकायला मांडलेल्या गॅरेज सेलमध्ये, शरयूकाकूंनी मला उचललं. त्यांचे यजमान प्रल्हादकाका हसले. त्यांच्या खेळण्यातल्या गाडीसाठी त्यांनी वेग कमीजास्त करणारा नवा कंट्रोलर आधीच आणला होता. हा म्हातारा आता काय करणार, असं त्यांनी विचारलं.

"माझे सांधे बदलेल," काकू म्हणाल्या. "तू गाडी हळू केलीस की वीज कमी पडते आणि ते अर्ध्यात अडकतात. मला माझी वेगळी वीज हवी."

रुळांना जिथे फाटा फुटतो तो सांधा. बटण दाबलं की रूळ खट्कन सरकतो आणि गाडी दुसऱ्या वाटेला लागते. बटण टिचकीएवढंच दाबायचं. धरून ठेवलं तर सांध्यातली गुंडाळी जळते. काकूंचा अंगठा बरोबर तेवढाच पडायचा. तळघरात काका गाडी चालवायचे. ते फार वेगात आले की काकू त्यांना मुद्दाम बाजूच्या रुळावर घालायच्या आणि आता बस तिथेच, म्हणायच्या. खेळ संपला की माझा प्लग त्या स्वतः काढायच्या.

गेल्या हिवाळ्यात खेळ चालू असतानाच काकूंना घेरी आली. काका त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले आणि एकटेच परतले.

वर काकूंसाठी तेलाचा दिवा तेवत ठेवला होता. दहावं झाल्यावर तो शांत केला. त्यानंतर काका तळघरात आले. माझा लाल दिवा अजून चालूच होता. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग रोज येऊन ते दिवा पाहून जात. गाडीला हात लावत नसत. मी तापत होतो. माझी वायर जुनी, भेगाळलेली. मला सांगता येत नव्हतं.

त्यांची मुलगी अनया टेक्सासमधल्या अर्विंगहून आली. कपडे मशीनला लावायला खाली तळघरात उतरली, तर तिला जळका वास आला. तिने मला हात लावून पाहिला.

"बाबा, हे किती गरम झालंय. आग लागेल. फेकून देऊ या, प्लीज."

"आईने लावलंय ते," काका म्हणाले. "मी बंद नाही केलं."

अनया माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"आई कधीच प्लग तसाच ठेवत नव्हती, बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी तिचं तेवढंच काम राहिलं."

काकांनी प्लग काढला. दिवा गेला. ते रडले नाहीत. प्लग हातात धरून उभे राहिले.

पुढे त्यांनी मला दुरुस्तीला नेलं. आता मला नवी वायर आहे. शनिवारी दुपारी काका खाली येतात. एका हाताने गाडी चालवतात, दुसऱ्या हाताने सांधा बदलतात. अंगठा अजून जड पडतो. पण रूळ सरकतो. खेळ झाला की प्लग काढतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची वायर तपासत जा. त्यांना थंड होऊ द्या. आणि तुमच्या घरी कुणी एखादी वस्तू बंद करत नसेल, तर ती ओढून घेऊ नका. जरा शेजारी बसा. प्लग त्यांनाच काढू द्या.