दोन डब्यांतले हातमोजे

“कळलं!” ताईने कागद मांडीवर आपटला. “मास्तर, जन्मात पहिल्यांदा तुझं काहीतरी कळलं बघ.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. निवृत्तीनंतर लिहिलेलं त्यांचं क्वांटम भौतिकशास्त्रावरचं पुस्तक प्रकाशकाने दोनदा परत केलं होतं. सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातं म्हणे. शेवटचं प्रकरण न्यायला आज प्रकाशकाचा माणूस येणार होता. जोडीने जन्मलेल्या कणांसाठी मास्तरांनी यावेळी थोरल्या बहिणीच्या विणकामातलंच उदाहरण घेतलं होतं: हातमोज्यांची एक जोडी, दोन डब्यांत घालून दोन गावांना पाठवलेली.

“काय कळलं, सांग बरं.” शिकवण्याची जुनी खोड.

“त्यात काय! माझ्या डब्यात डावा निघाला, म्हणजे तिकडे उजवा. डबे भरतानाच ठरलेलं असतं ते. उगाच बाऊ करता तुम्ही लोक.”

मास्तरांनी तिच्याकडून कागद परत घेतला. तिला लिहिलेलं बरोबर कळलं होतं. लिहिलेलंच चूक होतं. आपले मोजे पुस्तकात येणार, हे तिने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. तोंड बंद ठेवलं तर कुणाला पत्ता लागणार होता?

“ताई, मोज्यांचं आधी ठरलेलं असतं. कणांचं नसतं. उघडेपर्यंत डब्यात डावा नाही, उजवाही नाही. तरी उघडल्यावर जोडी जमतेच.”

“काहीतरीच! असं कसं होईल?”

“का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. पण होतं. पुन्हा पुन्हा तपासलंय.”

“म्हणजे माझे मोजे खोटे.” तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात प्रकाशकाचा माणूस दारात उभा राहिला. “झालं का सर?”

“नाही. थोडं थांबा.”

“साहेब या खेपेला ऐकायचे नाहीत हं.”

“नाही तर नाही.” मास्तरांनी कागदाच्या तळाशी लिहिलं: ‘इथवर मोज्यांनी आपल्याला आणलं. पुढची वाट त्यांच्याशिवाय चालायची आहे.’ त्याखाली आणखी चार ओळी लिहिल्या आणि कागद त्या माणसाला न देता ताईला दिला.

तिने तो दोनदा वाचला. कपाळावर आठ्या चढल्या.

“नाही कळलं,” ती म्हणाली. “पण कुठे अडलं, ते कळलं.” आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

दारातला माणूस इतका वेळ कान देऊन ऐकत होता. त्याने चपला काढल्या.

“सर, दोन्ही डबे एकाच वेळी उघडले तर?”