अल्टरनेटर मिळेपर्यंत

"अजून वाढवा," विश्वेश्वर हिंदीत म्हणाला.

गाडीत बसलेल्या तरुणानं गाण्याचा आवाज वाढवला. ढोलाच्या दर ठोक्याला समोरच्या भिंतीवरचा हेडलाइटचा उजेड मंदावत होता. तरुण शेजारच्या बायकोला हळूच म्हणाला, "या माणसाला काही कळतंय असं वाटत नाही गं."

"कळतंय की," विश्वेश्वर मराठीत म्हणाला. "तुमचा अ‍ॅम्प्लिफायर मागतोय तेवढी वीज गाडीला करता येईना. बॅटरी रोज अर्धपोटी निजतेय."

तरुण ओशाळला, मग हसला. "तुम्ही मराठी? इथे?"

"आमी इथलेच. तीनशे वर्षं झाली म्हणतात."

कन्नड मुलखातल्या या शहराच्या शिवाजीनगरात, बसस्टँडमागच्या गल्लीत विश्वेश्वरचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथं दिवसभर कन्नड, उर्दू, तमिळ चालायचं. मराठी चामराजपेटच्या घरी, आणि घरी म्हणजे थोरली बहीण गोजराबाई. ती नवरा गेल्यावर माहेरी परतली, ह्याचं लग्न राहून गेलं, आणि दोघं तशीच म्हातारी होत गेली. फाल्गुनात ती गेली. शेजारच्या पद्मावतीअक्का अधूनमधून आमटीसारखं सारू आणून द्यायच्या, जेवलास का विचारायच्या, पण कन्नडमध्ये. एके दिवशी स्वयंपाक करताना त्याला उलथण्याचं नाव आठवेना. हातात उलथणं धरून तो बराच वेळ ओट्यापाशी उभा राहिला. तेरावा झाल्यापासून आपण मराठीचा एक शब्द बोललेलो नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

तरुणाचं नाव शंतनू. पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत होता. बायको मैत्रेयी, तिला सहावा महिना. अ‍ॅम्प्लिफायर त्यानं परदेशातून आणला होता आणि कुणीतरी तो बारीक वायरीवर जोडून दिला होता. विश्वेश्वरनं काम नीट समजावलं. बॅटरीपासून थेट जाड तांब्याची केबल, बॅटरीजवळच फ्यूज, नवी अर्थिंग, मोठी बॅटरी. आणि गाडीची वीज तयार करणारा अल्टरनेटरही मोठा, तो मात्र शोधावा लागेल.

"तोपर्यंत मोठ्यानं लावू नका. रात्री तर नकोच."

"बरं, काका."

काका. गोजराबाईला मूल नव्हतं, गिऱ्हाइकं अण्णा म्हणायची. त्याला काका म्हणणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

पहिल्या शनिवारी केबल आणि फ्यूज झाला, दुसऱ्या शनिवारी बॅटरी आणि अर्थिंग. शंतनू स्टुलावर बसून कॉफी पीत बोलत राहायचा. पुण्याची थंडी, घरमालकाची कटकट, अबोल वडील. विश्वेश्वर कानडी वळणानं 'जरा'ऐवजी 'स्वल्प थांबा' म्हणाला की त्याला हसू यायचं. विश्वेश्वरला ते आवडायचं. बोलता बोलता एकेक शब्द परत यायचा, आणि घरी जाताना तो मनाशी घोळवायचा.

अल्टरनेटर शुक्रवारी मिळाला, एका मोडीत काढलेल्या डिझेल गाडीचा. विश्वेश्वरनं तो उघडून साफ केला, बेअरिंग बदललं, फिरवून पाहिला. उत्तम होता. त्यानं तो कापडात गुंडाळून बाकाखाली सरकवला.

"मिळाला का, काका?" दुसऱ्या दिवशी शंतनूनं विचारलं.

"नाही अजून. पुढल्या शनिवारी बघू." त्यानं दोन कॉफी मागवल्या.

त्या दिवशी शंतनू खूप वेळ बसला. मुलगी झाली तर काय नाव ठेवावं, असं त्यानं विचारलं. विश्वेश्वरनं आपल्या आजीचं नाव सांगितलं, हेमलता. "जुनं आहे," शंतनू म्हणाला, "पण छान आहे. मैत्रेयीला सांगतो."

मंगळवारी सकाळीच दुसऱ्या गाडीनं दोरीनं ओढत शंतनूची झेन गाडी दुकानापुढं आणली. शंतनूचे कपडे कालचेच होते.

"भैया, कितना टाइम लगेगा?" त्यानं विचारलं.

विश्वेश्वरनं मराठीतच काय झालं ते विचारलं. आदल्या संध्याकाळी म्हैसूर रोडवर गाणी लावून येताना हेडलाइट विझत गेले आणि इंजिन बंद पडलं ते परत सुरूच झालं नाही. बाजूनं लॉऱ्या जात होत्या. शंतनूनं एकट्यानं गाडी ढकलून कडेला घेतली. आत बसून मैत्रेयी रडत होती. हे सगळं त्यानं हिंदीतच सांगितलं.

"मैत्रेयीबाई बऱ्या आहेत ना?"

"ठीक है."

विश्वेश्वरनं बाकाखालून कापडाची गुंडाळी काढली. शंतनूनं आतला चकचकीत अल्टरनेटर पाहिला.

"ये कब आया?"

"शुक्रवारी."

"फिर शनिवार को क्यों नहीं बताया?"

विश्वेश्वरपाशी कारण होतं, पण ते कुठल्या तोंडानं सांगणार? "चुकलं माझं," तो म्हणाला. मजुरी घेणार नाही, असंही म्हणाला. स्टूल रिकामंच होतं, शंतनू रस्त्यावर उभा राहिला.

विश्वेश्वरनं जेवण सोडून काम केलं. ब्रॅकेटला नवी भोकं पाडली, पट्टा ताणला, प्रत्येक जोड दोनदा पाहिला. मग शंतनूला आत बसवून संगीत लावायला सांगितलं. ढोल वाजत होता आणि उजेड जागचा हलत नव्हता.

शंतनूनं पूर्ण पैसे बाकावर ठेवले. "थँक यू," म्हणाला आणि काच वर केली. गल्लीच्या तोंडापर्यंत ढोल ऐकू येत होता, पुढं तो बसच्या हॉर्नमध्ये मिसळला.

संध्याकाळी विश्वेश्वरनं शटर ओढलं आणि बस धरली. कंडक्टर जवळ आला.

"एक चामराजपेट द्या," तो म्हणाला.

कंडक्टरला मराठी कळलं नाही. तो वाकून त्याच्या तोंडाकडं पाहू लागला.

"ओंदु चामराजपेटे," विश्वेश्वर म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.