धुतलेल्या कोळशाचा तराजू

मित्रांनो, धान्य तोलून तोलून माझी पारडी झिजली, तरी मी भंगारात गेलो नाही, याचे कारण एक बाई. मी एक जुना पितळी तराजू आहे.

मला एका तांबटाने घडवले. माझी उमेदीची वर्षे किराणा दुकानात गेली. पुढे तिथे आकडे दाखवणारा वजनकाटा आला आणि मी फळीखाली पडलो. तिथून मला बाईंनी उचलले. बाई इमारतींचे आराखडे करत. त्यांचे यजमान सुतार होते. बाईंच्याच कार्यालयात, आतल्या खोलीत, ते इमारतींच्या छोट्या लाकडी प्रतिकृती बनवत.

सिमेंट, विटा, पोलाद, काच तयार करताना भट्ट्या जळतात आणि हवेत कार्बन जातो. एखाद्या इमारतीपायी तो किती जाईल, याचा अंदाज बाई आराखडा पेन्सिलीत असतानाच काढत. “एकदा शाई फिरली की कोणी ऐकत नाही,” असे त्या म्हणत. ठरावीक कार्बनसाठी कोळशाचा एक तुकडा. एका पारड्यात एक आराखडा, दुसऱ्यात दुसरा. जे पारडे खाली जाईल, त्याचा हवेवर भार जास्त. लहान मुलालाही कळावे इतके सोपे. असे काम मला आधी कोणी दिले नव्हते.

एकदा एका शाळेचे अध्यक्ष आले. जुनी शाळा पाडून नवी बांधायची, की जुना पाया आणि भिंती ठेवून वर मजला चढवायचा, हे त्या दिवशी ठरणार होते. अध्यक्षांच्या मनात पाडायचेच होते.

“बाई, शाळा बांधायचीय, भाजी नाही तोलायची.”

“भाजी सडली तर फेकता येते,” बाई म्हणाल्या. “बसा जरा.”

त्यांनी दोन बरण्यांतून तुकडे मोजून घातले. आणि जुन्या भिंतींचे पारडे खाली गेले.

“घ्या,” अध्यक्ष म्हणाले. “तुमचाच तराजू सांगतोय, पाडा म्हणून.”

मी खोटे बोललो नव्हतो, तरी मला लाज वाटली. बाई मात्र बघत राहिल्या. खालच्या पारड्यात तुकडे थोडे होते आणि वरच्यात जास्त. त्यांनी खालचा एक तुकडा उचलून गालाला लावला. तो गार लागला.

“अहो,” त्यांनी आत हाक मारली, “या कोळशाला काय केलंत?”

यजमान रंधा हातात घेऊनच आले. “धुतला. तुझे हात काळे होतात म्हणून. एक बरणी वाळली, दुसरी ओली राहिली असेल.”

“कोळसा धुणारा नवरा माझ्याच नशिबी. झाला का पांढरा?”

“थोडा राहिलाय.”

अध्यक्षही हसले. गालावरचा डाग तसाच ठेवून बाईंनी ओले काढून कोरडे तुकडे तेवढेच मोजून घातले. ते पारडे वर गेले, चांगलेच वर.

“नुसत्या पाया-भिंतींनी एवढा फरक?” अध्यक्षांनी विचारले.

“त्यांचा कार्बन कधीच हवेत गेलाय. पाडून नव्या बांधल्या की पुन्हा तेवढा जाणार.”

शाळेच्या भिंती राहिल्या. अजून आहेत.

पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. यजमानांनी माझ्यावर फडके टाकले. ते माझ्याकडे बघत नसत, पण मला मागायला आलेल्यांना नकार देत.

परवा अध्यक्ष पुन्हा आले. हातात गुंडाळी होती.

“शाळेला वाचनालय बांधतोय. अजून पेन्सिलीतच ठेवलंय. तोलून द्याल?”

“आराखड्यातलं मला फार कळत नाही,” यजमान म्हणाले. मग गुंडाळी उलगडत म्हणाले, “कशाला किती तुकडे, ते मात्र तिनं माझ्याकडून घोकून घेतलंय.”

त्यांनी फडके काढले, बरणी उघडली आणि एक तुकडा गालाला लावला. कोरडा होता. तरी तो त्यांनी लगेच खाली ठेवला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही घरे बांधाल, पूल बांधाल. पेन्सिलीत असतानाच तोला. जे उभे आहे, ते पाडण्याआधी एकदा त्याला हात लावून पाहा. आणि माझ्यासारखे कोणी तुमच्या घरी असेल, तर अधूनमधून पुसत जा. फक्त कोरड्या फडक्याने.